गट नंबर १८७ मधलं सीताफळ

११ जानेवारी २०२५, शनिवार

पाइप सीताफळावरूनच जाणार आहे!

नीट लिहिते. सकाळी गावाकडून सांडू भाऊजींचा फोन. "वहिनी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागलाय. गॅसची लाइन यायलीय शेतातून. आपला गट हाय त्यात." सांगत होते असे की जणू पाहुणे यायचेत. मी विचारलं, कोणत्या बाजूनं? तर म्हणाले, "तुमच्या वाट्यातून. बांधाच्या अलीकडून." आणि मग – "सीताफळ जाईन वाटतं."

अंगणवाडीत वजनं चालली होती. एक पोरगं काट्याच्या झोळीत तसंच लोंबकळत राहिलं आणि मी फोन हातात धरून उभी. त्याची आई "मॅडम, मॅडम" करतेय. शेवटी तिनंच काढून घेतलं त्याला. मी वजन काय लिहिलं ते मलाच वाचता येईना.

१२ जानेवारी, रविवार

गंगापूरच्या जीपनं गावाकडं गेले. सोळा माणसं कोंबलेली, पाय ठेवायला जागा नाही.

कागद खरंच लागलाय. त्याच्या अर्ध्यावर लसीकरणाचं पोस्टर चिकटवलेलं! ते उचलून धरून वाचलं. राजपत्रातली अधिसूचना. गावाचं नाव, गट नंबर, किती आर जमीन. जमीन आपलीच राहणार, फक्त खालून पाइप. वर पीक घ्यायचं, पण झाड लावायचं नाही, घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही. वीस मीटर रुंदीचा पट्टा. आणि सगळ्यात खाली – कोणाची हरकत असेल तर एकवीस दिवसांच्या आत लेखी कळवावी.

शेतात गेले. लाल टोकाची खुंटी ठोकलीय. सीताफळाच्या बुंध्यापासून दोन हातांवर!

"ही कधी ठोकली?" भाऊजी म्हणाले, "दिवाळीच्या आधी आले हुते मोजणीवाले. मला वाटलं रस्त्याचं हाय." माझ्या वाट्याची जमीन हा माणूस बटईनं करतो, रोज त्या खुंटीला वळसा घालून औत हाकतो, आणि मला सांगावंसं वाटलं नाही. मी बोलले असते तर गाव गोळा झालं असतं.

झाडाखाली बसले. रूपाशी बोलले थोडं. इथं लिहायला काय लाज – दर वेळी बोलते.

१३ जानेवारी, सोमवार

रात्रभर तेच डोक्यात. एकदा कागदावर उतरवून टाकते. कधीच लिहिलं नाही.

रूपा आठ महिन्यांची होती. १९९७, मार्च. दोन दिवसांचा जुलाब, बस. गंगापूरच्या दवाखान्यात तिच्या एका पायातला वाळा सैल होऊन माझ्या ओच्यात पडला. तो माझ्याकडं आहे, पत्र्याच्या डब्यात. दुसरा तिच्या पायात गेला.

एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि आईनं जायचं नसतं. हे आणि भाऊजी घेऊन गेले तिला, माझ्याच लुगड्यात. मी उंबऱ्यात. मला चौघींनी धरलेलं. खूणही ठेवत नाहीत अशा जागेवर – दगड नाही, काही नाही. खूण ठेवली तर लेकरू परत यायचं विसरतं, असं सासूबाई म्हणायच्या. दोन वर्षांनी अतुल झाला तेव्हा सगळ्या म्हणाल्या, बघ, आली परत. मी मान डोलावली. अतुल अतुल आहे. रूपा रूपा होती.

पहिल्या महिन्यात मी खुरपं घेऊन शेताकडं निघाले होते. सासूबाईंनी अडवलं. का निघाले होते ते मला ठाऊक आहे, लिहीत नाही.

तीन महिन्यांनी ह्यांनी मला शेतात नेलं. बांधाजवळ वीतभर सीताफळाचं रोप लावलेलं. म्हणाले, "हिथं हाय. खूण म्हणून नाय लावलं, सावली म्हणून लावलं." तेवढ्यावर मी जगले. शहरात आलो, ह्यांना वाळूजला कंपनी लागली, मला अंगणवाडी मिळाली, तरी उन्हाळ्यात दर रविवारी मी तिथं दोन घागरी पाणी घातलंय. आता हेही नाहीत. कोरोनानं नेलं. तेव्हापासून जागा ठाऊक असलेली माणसं आता दोनच, मी आणि भाऊजी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. भाऊजींना तिळगुळाचा फोन केला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

अतुलशी भांडण. "आई, झाडाची भरपाई देतात ते. दुसरं लावू." दुसरं लावू! त्याला माहीत आहे तिथं काय आहे. लहानपणी त्याला घेऊन जायचे मी, ताईला नमस्कार कर म्हणायचे. पण पोरांना ते देवाला हात जोडल्यासारखंच.

सूनबाई कामाची निघाली. सोनियानं मोबाइलवर कायदाच काढला. म्हणाली, "आई, राहतं घर किंवा पक्कं बांधकाम असलं तर त्याच्याखालून नाही नेता येत. समाधी बांधलेली असती तर..." मी म्हटलं, उद्याच गवंडी नेते. तर म्हणे अधिसूचनेच्या तारखेच्या आधीचं पाहिजे.

अठ्ठावीस वर्षांत चार विटा लावल्या असत्या तर.

१९ जानेवारी, रविवार

आज गावात मी नऊ अर्ज लिहिले, दुसऱ्यांचे.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसले होते. सोनियानं काढून दिलेली प्रत हातात होती, कोणीतरी विचारलं, हे काय. सांगितलं, तर गर्दीच झाली. कोणालाच ठाऊक नव्हतं की आपण हरकत घेऊ शकतो. त्यांना वाटलं सरकारचा कागद म्हणजे झालंच. मग शाळेतल्यासारखं सगळ्यांना बसवलं. वर नाव, गाव, गट नंबर. सोबत सातबारा. मग काय अडचण आहे ते. आणि शेवटी – कुठून न्यायची ते! नुसतं 'नको' लिहून भागत नाही. आपल्या नकोला पर्याय दिला तर साहेबाला विचार करावा लागतो.

कचरू म्हणाला, "बाई, लिवा – माझी बोअर जायलीय." विचारलं, पट्ट्यात येते का? तर येत नाही. "मग?" म्हणाला, "लिवा तरी. सगळे लिवायलेत." हसले सगळे. मीही हसले. कोणाची बोअर, कोणाचा गोठा, कोणाची मोसंबी. धडाधड लिहून दिलं. कारण नसेल तर अर्ज होत नाही, हे दहादा सांगितलं.

भाऊजी लांब पारावर बसून बघत होते. जवळ आले नाहीत. माझा स्वतःचा अर्ज कोराच आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

तीन वेळा लिहिला, तीन वेळा फाडला.

पहिल्यात – 'गट नं. १८७ मध्ये एक फळझाड आहे.' खोटं वाटलं. दुसऱ्यात – 'सदर ठिकाणी आमच्या कुटुंबाच्या भावना निगडित आहेत.' हे तर पुढाऱ्याच्या भाषणासारखं! अतुल म्हणाला, पुरावा काय देशील? जन्माचा दाखला नाही तिचा. मृत्यूचा नाही. अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांचे कागद नसले तर मी त्यांच्या आयांवर ओरडते, आणि माझ्या पोरीचा जगात एकही कागद नाही.

शेवटी असं लिहिलं – 'सीताफळाच्या झाडाखाली माझी मुलगी रूपा सोमनाथ हिला १९९७ साली पुरलेले आहे. तिच्यावरून पाइप नेऊ नये. तीस मीटर सरकवावा.' सही केली. पहिल्यांदा तिचं पूर्ण नाव लिहिलं. कोणीतरी ते वाचणार म्हणून खूप रडले.

२७ जानेवारी, सोमवार

अर्ज दिला. सक्षम प्राधिकाऱ्याचं ऑफिस स्टेशनकडं, तिसऱ्या मजल्यावर. गावचे नऊ आणि माझा दहावा. दोन-दोन प्रती नेल्या होत्या, एकीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला. आवक नंबरही टाकून घेतला. पंचवीस वर्षं सरकारी कागद हाताळलेत, शिक्क्याशिवाय मी हलत नाही.

कारकुनानं माझा वाचला. माझ्याकडं बघितलं. "बाई, कारण हेच का?" मी म्हटलं, हेच. त्यानं शिक्का जरा हळू मारला.

२ फेब्रुवारी, रविवार

शेतात. ऊन अजून तापलेलं नाही, तरी दोन घागरी घातल्याच.

मी पाणी घालायचे तेव्हा हे कधी जवळ उभे राहायचे नाहीत. बांधावर जाऊन पाठमोरे बसायचे, तंबाखू मळत. माणसांना रडायची लाज वाटते, असं मी धरून चालले. आज भाऊजीही तसेच, तिथंच, पाठमोरे. मग न वळताच म्हणाले, "वहिनी, जाऊ द्या ना. झाडच हाय ते."

झाडच आहे! ज्यानं स्वतःच्या हातानं तिला खड्ड्यात ठेवलं तो म्हणतो, झाडच आहे. मी घागर तिथंच टाकून आले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुनावणीचं पत्र आलं. २० तारीख, सकाळी अकरा. स्वतः किंवा वकिलामार्फत. स्वतः!

२० फेब्रुवारी, गुरुवार

सगळं लिहिते, एकही शब्द विसरायचा नाही.

व्हरांड्यात दोन तास. गावचे नऊही जण आलेले, नवे सदरे घालून. भाऊजींना मीच बोलावलं होतं, साक्षीला. नको नको म्हणत होते. अतुलनं गाडी करून आणलं. साहेब म्हणजे एक मॅडम निघाल्या, माझ्याच वयाच्या. शेजारी कंपनीचा इंजिनिअर, टेबलभर नकाशा पसरून. कचरूचा नंबर आला तेव्हा मॅडमनी विचारलं, बोअर पट्ट्यापासून किती लांब? कचरू म्हणाला, "लई लांब हाय." मॅडमसुद्धा हसल्या.

मग मी. अर्ज त्यांच्या पुढ्यात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "याची कुठं नोंद नसणार." मी म्हटलं, "नोंद नाही. साक्षीदार आहे." भाऊजींना पुढं केलं.

"तुम्ही पुरलं?"

"व्हय. म्या आन् दादानं."

"या झाडाखाली?"

बोलेनात! टोपी काढून हातात चुरगाळत राहिले. मॅडमनी परत विचारलं. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं, आणि मग म्हणाले, "व्हय. झाडाखाली." एवढं बोलायला एवढा वेळ लागतो? मला वाटलं शहराला बुजले असतील.

मॅडम इंजिनिअरला म्हणाल्या, बघा काही होतं का. तो पट्टी लावून मोजायला लागला. पश्चिमेला घर येतं, घराखालून नेता येत नाही. पूर्वेला तीस मीटर घेतलं तर जमतं, पण तो वाटा दुसऱ्यांचा. मी लगेच भाऊजींकडं बोट करून म्हटलं, ह्यांचाच आहे. आणि भाऊजी उठून उभे राहिले. "पूर्वेला नको, मॅडम."

"का? विहीर आहे?"

"हाय. बुजलेली हाय."

"झाड?"

"नाय."

"बांधकाम काही?"

"नाय."

"मग हरकत काय तुमची?"

परत माझ्याकडं बघितलं. "तसं... काय नाय."

मला राहवलं नाही. भर सुनावणीत, सगळ्या गावासमोर बोलले – "माझ्या लेकरावरून गेलेला चालतो, ह्यांच्या ज्वारीवरून नको!" भाऊजी खाली बसले. मॅडमनी संमतीचा कागद पुढं केला, त्यांनी वाचलासुद्धा नाही, सही केली.

बोलले ते बोलले. खोटं थोडंच बोलले?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एका गुंठ्यासाठी माणूस किती खाली जातो.

१८ मार्च, मंगळवार

आदेश आला!!

'अर्जदार क्र. १० यांची हरकत अंशतः मान्य.' अंशतः का म्हणतात कोण जाणे, मला तर पूर्णच मान्य वाटली. रेषा तीस मीटर पूर्वेला, जुन्या विहिरीच्या कोपऱ्यावरून. सोनियानं मला मिठी मारली. अतुल म्हणाला, "मला वाटलं नव्हतं, आई." मी तो कागद डब्यात वाळ्याशेजारी ठेवला. रूपाचा पहिला सरकारी कागद. त्यात तिचं नावही आहे – 'कु. रूपा'.

ह्यांना सांगायचं राहिलं. फोटोसमोर उभी राहून सांगितलं.

२३ मार्च, रविवार

गावातून जाऊबाईंचा, द्वारकाबाईंचा फोन. "ताई, ह्यांला काय झालंय? जेवानात, बोलानात. ईहिरीकडं जाऊन बसत्यात." मी म्हटलं, "जमीन जात नाही म्हणावं, नुसता पाइप जातोय. ज्वारी येईल परत." तिला बिचारीला काय ठाऊक. रूपा गेल्यावर चार वर्षांनी लग्न झालं तिचं.

८ जून, रविवार

भाऊजी आले. घरी. न सांगता, एसटीनं, हातात कैऱ्यांची पिशवी.

नव्या पट्ट्याची नवी अधिसूचना लागलीय, पुन्हा एकवीस दिवस. मला ठाऊक होतं, वाटच बघत होते मी, भाऊजी काहीतरी करणार म्हणून. चहा घेतला. बशीत ओतून, फुंकत, किती वेळ. मग म्हणाले, "वहिनी, मला एक अर्ज लिवून देता का?"

मी म्हटलं, "कारण काय लिहू?"

बशी खाली ठेवली.

"पूर्वेला नको, ते ठाऊक आहे. पण का नको?"

"...लिवा तुमी काहीबी."

"काहीबाही लिहून अर्ज होत नाही, भाऊजी. सगळ्या गावाला सांगितलंय मी. आणि सरकवून कुठं नेऊ? परत तिच्यावर?"

मान हलवली. नाही नाही म्हणाले, दोनदा. "तिच्यावर नाय. तिच्यावर नाय गेली पायजे." मग उठले. सोनिया जेवून जा म्हणत होती, थांबले नाहीत. उन्हात गेट उघडून निघून गेले. पाठ वाकली आहे त्यांची, मला आजच दिसलं.

अख्ख्या गावाला अर्ज लिहून दिला आणि भाऊजींना नाही. बरं वाटायला हवं होतं. कैऱ्यांचं लोणचं घालवत नाही.

३० जून, सोमवार

मुदत गेली. भाऊजींनी हरकत घेतली नाही. सोनियानं चौकशी केली.

१२ ऑक्टोबर, रविवार

सीताफळं उतरवली. मोठी, डोळे उघडलेली. एरवी भाऊजी पाटी भरून ठेवतात, ह्या वेळी मी गेल्यावर घरातच बसले. स्वतः त्यांनी कधी ह्या झाडाचं एक फळ खाल्लं नाही, ह्यांनीही नाही. मी दर वर्षी अंगणवाडीत नेते. उद्या पोरांची तोंडं पांढरी होणार आणि बिया सगळ्या फरशीभर!

एक छोटी आहे, आठ महिन्यांची, बहिणीच्या कडेवर येते. तिला बोटानं गर चाटवला. हसली.

२३ नोव्हेंबर, रविवार

कोणी केलं हे?

सीताफळाच्या बुंध्याशी माती उकरलेली. ताजी. हातभर रुंद, आणि परत बुजवून वरून दाबलेली. ओरडत गेले भाऊजींच्या घरी. ओट्यावर बसले होते, दोन्ही हातांना फोड आलेले. "झाडाशी कोण खणलं?" म्हणाले, "रानडुकरं असत्याल, वहिनी." रानडुकरं माती परत दाबून ठेवतात का! तर म्हणे, "दाबली म्या. तुमी येणार म्हणून."

तोंड धुऊन घेतलं त्यांच्या रांजणातल्या पाण्यानं. परत गेले झाडाकडं, हात लावून बघितलं. माती ओली होती. कोणीतरी पाणी घातलेलं. मी नाही घातलेलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रजा टाकून गेले. मशिन आलं.

मी सकाळपासून सीताफळाला टेकून उभी, आदेशाची प्रत पदराखाली. चुकून इकडं वळलं तर दाखवायला. पण वळलं नाही. बरोबर आखलेल्या रेषेनं, भाऊजींच्या वाट्यातून, चर खणत गेलं. माणसाच्या उंचीएवढा खोल. काळी माती, मग पांढरा मुरूम. मला आनंद झाला, का लपवू. अठ्ठावीस वर्षांत तिच्यासाठी एक काम करता आलं मला.

भाऊजी बुजलेल्या विहिरीच्या कोपऱ्यावर उभे होते. मशिनचा पंजा तिथं आला तेव्हा त्यांनी टोपी काढली. ड्रायव्हर ओरडला, बाजूला व्हा बाबा. झाले बाजूला. पंजा खाली गेला, भरून वर आला, नुसती माती. भाऊजी टोपी छातीशी धरून प्रत्येक पंजा बघत होते, जणू त्यात काही सापडणार आहे. मी मनात म्हटलं, किती तो जीव मातीवर!

मावळतीला चर पलीकडच्या गटात गेला. ते अजून तिथंच.

३० नोव्हेंबर, रविवार

झाडाशी भाऊजी माझी वाट बघत होते. रुमाल सोडला. त्यात एक वाळा. काळा पडलेला. माझ्या डब्यातल्याचा जोड.

"हिथं नव्हती ती, वहिनी. ईहिरीच्या कोपऱ्यात हुती. तुमी खुरपं घिऊन निघाल्ता ना तवा... दादा म्हणला, खरी जागा दावायची नाय. मला शपथ घातली. मागून सांगतो म्हणला, राहून गेलं." मग म्हणाले, "मशिन यायच्या आधी म्या काढली. धा दिस खणत हुतो. वाळा घावला, आन् माती. घमेलंभर माती. आता हाय ती हिथं. खरंच हाय."

पाइप तिच्यावर मी नेला. सही शिक्क्यानिशी. आणि ज्यानं तिला उचलून आणलं त्याला मी अर्ज लिहून दिला नाही.

दोन्ही वाळे तिथंच ठेवले. दोन घागरी पाणी घातलं. तिला, पहिल्यांदा. भाऊजी आज पाठमोरे बसले नाहीत. जवळ उभे होते.